काचेवरची फुली

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे इतकी, की माझ्या वेळचे मोठे रस्ते आज गल्ल्या झाले आहेत. रंग फिकट हिरवा, दारं चार, पुढचे दिवे गोल आणि स्वभाव मानी. हा मानीपणा पुढे तुमच्या लक्षात येईलच, म्हणून आधीच सांगून ठेवते. आज माझं अंग लखलखतंय खरं, पण मध्यंतरी माझ्या कपाळावर एक पिवळी फुली होती. ती माझी नव्हती. ती कशी आली आणि कशी गेली, तेच सांगायला मी इथे उभी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका टोकाने पत्रा आत जायचा आणि दुसऱ्या टोकाने गाडी बाहेर पडायची. मधल्या वाटेवर शंभर हातांनी मला घडवलं. शेवटी एका जाड मिशांच्या कामगाराने माझा हॉर्न दाबून बघितला. भों-ओं! तो शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘हिचा आवाज ऐकलास का? घरातली थोरली जाऊच जणू!’’ थोरली जाऊ म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ते कौतुकच असणार असं मी धरून चालले.

मला एका नर्सबाईंनी घेतलं. घरोघर जाऊन बाळंतपणं करायची हा त्यांचा व्यवसाय. तोवर त्या सायकलवर हिंडत. चाळिशीला आल्यावर त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि परीक्षेत तीनदा नापास झाल्या. चौथ्यांदा पास झाल्या, त्याच दिवशी मला घरी आणलं. सुरुवातीला त्या मला फाटकातून बाहेर काढायच्या, तेव्हा शेजारीपाजारी आपापली पोरं उचलून घरात न्यायचे. वर्षभरात मात्र बाई अशा तयार झाल्या, की अरुंद बोळातून मला उलटी काढताना भिंतीला चाटूनही जायच्या नाहीत.

मित्रांनो, माझी खरी ओळख होती तो हॉर्न. बाई गल्लीच्या तोंडाशी आल्या की एकदा हॉर्न वाजवायच्या. तो ऐकला की ज्या घरी बाळ यायचं असेल, त्या घरातलं कुणीतरी धावत जाऊन चुलीवर पाणी ठेवायचं. बाई पोहोचेपर्यंत पाणी उकळलेलं असायचं. शेजारच्या बायकाही खिडकीतून ओरडायच्या, ‘‘पाणी ठेवलंत का? बाई आल्या!’’ असं एकवीस वर्षं चाललं. किती बाळांचं पहिलं रडणं मी दाराशी उभी राहून ऐकलं, त्याची गणती नाही.

एक बाळ तर माझ्याच मागच्या सीटवर जन्मलं. भर दुपारची वेळ होती. एका बाईला घेऊन आम्ही दवाखान्याकडे निघालो होतो आणि बाळाला काही धीर निघेना. नर्सबाईंनी मला एका झाडाखाली उभं केलं, आणि पुढचं सगळं तिथेच झालं. मुलगी झाली. बाईंच्या छातीवर पिनेने अडकवलेलं एक छोटं घड्याळ असायचं. त्या गडबडीत ते निसटलं, सीटच्या लोखंडी कडेवर आपटून फुटलं आणि थेट गादीच्या फटीत गेलं. बाईंनी पुष्कळ शोधलं. शेवटी त्या हसून मुलीच्या आईला म्हणाल्या, ‘‘हिची जन्मवेळ घड्याळासकट हरवली बघ.’’ घड्याळ कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पण गाडीला सांगता कुठे येतं?

पुढे बाईंचे गुडघे दुखू लागले. क्लच दाबताना त्या ओठ चावायच्या. मग त्यांनी मला एका वाण्याला विकलं. विकताना माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि वाण्याला एवढंच म्हणाल्या, ‘‘हिला सकाळी एकदम पळवू नका. आधी थोडं गरम होऊ द्या.’’ त्या वाण्याने बाईंचा सल्लाच काय, मलाही फार दिवस मनावर घेतलं नाही. त्याने नवी गाडी आणली आणि मला परसात लावून टाकलं. टायर बसले. माझ्या पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. जिच्या हॉर्नवर घरंच्या घरं धावायची, तिच्यात बसून एक तांबडी कोंबडी माझ्याकडे मालकिणीसारखी बघायची. मी खूप रडले असते, पण माझ्या वायपरमध्ये पाणीच नव्हतं. त्यातच एक दिवस झाडाची फांदी पडली आणि माझ्या समोरच्या काचेला आडवी चीर गेली.

अशी मी आत्याच्या यार्डात आले.

आत्या म्हणजे यार्डाची मालकीण. पुतण्यामुळे गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणायची. जुन्या, नामांकित गाड्या गोळा करायच्या आणि विकायच्या, हा तिचा धंदा. ज्या गाडीत जीव आहे ती अख्खी विकायची, म्हणजे घेणारा तिला पुन्हा उभी करील. जिच्यात जीव उरला नाही ती सुटी विकायची. कुणाला तिचा दिवा, कुणाला तिचं दार. गाडी आली की आत्या तिच्याभोवती तीन चकरा मारायची, बॉनेट उघडून वास घ्यायची आणि मग समोरच्या काचेच्या आतल्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाने खूण करायची. गोल म्हणजे अख्खी. फुली म्हणजे सुटी. एकदा खूण झाली की त्यावर चर्चा नाही. यार्डातला मिस्त्री वीस वर्षं त्याच खुणांवर पाने चालवत होता. तो म्हणायचा, ‘‘मी गाडी बघत नाही, काच बघतो. गाडी बघितली की जीव गुंततो.’’

आत्याने माझ्याभोवती चकरा मारल्या. वास घेतला. चिरलेल्या काचेवर गोल काढला आणि म्हणाली, ‘‘ही म्हातारी अजून दहा जणांना पुरून उरेल.’’ माझी मान ताठ झाली. शेजारी माझ्याच जातीची एक राखाडी गाडी होती. तिच्या काचेवर फुली होती आणि काच सोडली तर तिच्याजवळ जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. दिवे, दारं, इंजिन, सगळं केव्हाच दुसऱ्यांच्या कामी गेलं होतं. ती बिचारी मुकाट उभी असायची. मी तिच्याशी थोडी तोऱ्यात वागले, हे कबूल करते.

एके दिवशी यार्डात एक चाळिशीची बाई आली. ती जुन्या गाड्यांच्या सीटा नव्याने भरून शिवायची, म्हणून सगळे तिला गादीवाली म्हणत. तिला स्प्रिंगा हव्या होत्या. बोलता बोलता ती माझ्या मागच्या सीटवर बसली आणि सवयीने तिने फटीत हात घातला. गादीवाल्यांची ही सवयच असते. फटीत काय काय सापडतं, नाणी, पिना, चाव्या. तिच्या हाती एक छोटं घड्याळ लागलं. काच फुटलेली, काटे बारा वाजून वीस मिनिटांवर थांबलेले, पाठीवर नर्सबाईंचं नाव कोरलेलं.

तिने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग तिने आत्याला हाक मारली.

‘‘आत्या, माझी आई सांगायची, माझी जन्मवेळ घड्याळासकट हरवली म्हणून. मला वाटायचं, गंमत करते.’’

‘‘मग?’’

‘‘मी ह्या सीटवर जन्मले, आत्या.’’

आत्या तिच्या शेजारी येऊन बसली. तिथेच ठरलं. गादीवालीने वर्षभर यार्डातल्या गाड्यांच्या सीटा शिवायच्या आणि मला न्यायचं.

दुसऱ्या दिवशी ती नर्सबाईंकडे जाऊन आली. बाई आता चौऱ्याऐंशीच्या झाल्या होत्या. महिनाअखेरीला त्यांचा मुलगा त्यांना कायमचं आपल्या शहरात न्यायला येणार होता. घर बंद होणार होतं. गादीवालीने गाडी सापडल्याचं सांगताच बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘चालते का?’’

‘‘चालेल.’’

‘‘मग ह्या घरातून मी माझ्याच गाडीनं निघेन. मुलाला म्हणावं, तू मागून ये.’’

मित्रांनो, गादीवालीने हे आत्याला सांगितलं तेव्हा माझ्या गंजलेल्या स्प्रिंगासुद्धा ताठ झाल्या. हाती तीन आठवडे होते. आत्याने इंजिन उघडवलं, टायर मागवले आणि पुतण्याला सांगितलं, ‘‘राखाडीची काच काढून हिला बसव. हिची चिरलेली आहे.’’ एवढं सांगून ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघून गेली.

आत्याच्या पुतण्याला सगळे तुफान म्हणायचे. मनाने सोन्यासारखा, पण एका कामात असताना त्याचं डोकं पुढच्या तीन कामांत असायचं. त्याने राखाडीची काच काढून मला बसवली. सुरेख बसवली. माझी चिरलेली काच फेकायची कशाला, राखाडीच्या आत पाणी जाईल, म्हणून ती तिला लावली. मग कोपऱ्यातल्या खुणा पुसायला चिंधी घेतली, तेवढ्यात फोन वाजला. लांबच्या गावी दोन गाड्या मिळत होत्या. तुफान तसाच ट्रक घेऊन निघाला. चिंधी माझ्या बॉनेटवर राहिली आणि फुली माझ्या कपाळावर!

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सुट्टीवरून कामावर आला. त्याने काच बघितली, थबकला, डोकं खाजवलं. ‘‘हिच्यावर तर गोल होता. आत्याचं मन फिरलं वाटतं,’’ असं पुटपुटला आणि पाना उचलला. मी मनातल्या मनात किती ओरडले! अरे, ही काच माझी नाही! शेजारच्या राखाडीवर गोल होता. तिला त्याने रोज पुसलं आणि वर ताडपत्रीही घातली. ‘‘हिच्यात इंजिनसुद्धा नाही, हिला उभी कशी करणार कोण जाणे,’’ असं म्हणत का होईना, पण पुसलं.

चार दिवसांत मी लुटले गेले. एका पावभट्टीवाल्याने माझे गोल दिवे नेले. गाडी शिकवणाऱ्या काकांनी स्टिअरिंग नेलं. एका न्हाव्याने डावं दार नेलं. परगावच्या एका माणसाने कार्बोरेटर नेला. आणि दातांच्या डॉक्टरांनी माझा हॉर्न नेला. डॉक्टरांकडे माझ्याच जातीची साईच्या रंगाची गाडी होती. हॉर्न सुटला तेव्हा, मित्रांनो, मला पहिल्यांदा भीती वाटली. मी मोडीत निघेन याची नाही. बाई फाटकाशी वाट बघत उभ्या राहतील, याची.

पाचव्या दिवशी गादीवाली टेंपोतून मागची सीट घेऊन आली. नवं कापड, नवा काथ्या, एकेक टाका हाताने घातलेला. तिने मला बघितलं. एक दार नाही, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा. तिने सीट जमिनीवर ठेवली आणि तिच्यावरच मटकन बसली.

‘‘मिस्त्री, काय केलंत हे?’’

‘‘फुली होती, ताई. मी काच बघतो.’’

निरोप गेला तशी आत्या काळा चष्मा लावून रिक्षाने आली. डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितलं होतं, तरी वाकली. फुलीवर बोट फिरवलं. मग राखाडीजवळ जाऊन चिरेवर बोट फिरवलं. ती मिस्त्रीला ओरडली नाही. नुकताच परतलेला तुफान मान खाली घालून उभा होता, त्यालाही बोलली नाही.

‘‘चूक माझी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘जी वस्तू विकायची तिच्यावरच मी निकाल लिहीत होते. पत्र्यावर लिहिला असता तर गाडीबरोबर राहिला असता. तुफान, ब्लेड आण. ही फुली मी खरवडणार.’’

खरवडताना ती म्हणाली, ‘‘मिस्त्री, कोण काय घेऊन गेलं?’’

मिस्त्रीला माणसांची नावं कधी आठवत नाहीत, पण कुणी काय नेलं ते बोटांवर पाठ असतं. त्याने एकेक करत पाच बोटं दुमडली. बाईंना निघायला अकरा दिवस उरले होते.

पावभट्टीवाल्याने दिवे डब्यातूनसुद्धा काढले नव्हते. त्याने ते परत दिले आणि वर गरम पाव दिले. न्हाव्याने माझं दार दुकानात भिंतीवर टांगून खिडकीच्या जागी आरसा बसवला होता, आणि गिऱ्हाइकं त्यात स्वतःला बघून खूश होती. नर्सबाईंचं नाव ऐकताच त्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर थांबवलं आणि दार उतरवलं. काकांची गोष्ट तर औरच. ते एका शिकाऊ बाईला घेऊन रस्त्यावर होते आणि स्टिअरिंग त्याच गाडीत होतं. तुफान टेंपो घेऊन पाठीमागे लागला, पण ती बाई गोगलगायीच्या वेगाने चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा तुफान अर्धा तास कुणाच्या तरी मागे हळू चालला. गाडी थांबल्यावर काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खदखदून हसले. ‘‘बाईंना मीच शिकवलंय! तीनदा नापास झाल्या. चौथ्यांदा परीक्षकाला म्हणाल्या, तुमच्या घरी पाळणा हलायचाय, मला लवकर पास करा.’’

कार्बोरेटर आणायला मिस्त्री स्वतः बसने गेला. येताना तो मांडीवर घेऊन बसला होता, लेकीला माहेरी आणावं तसा.

राहिला हॉर्न. दातांच्या डॉक्टरांनी गादीवालीला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण हॉर्न दिला नाही.

‘‘माझ्या गाडीचं तोंड तीस वर्षं बंद होतं,’’ ते म्हणाले. ‘‘आता कुठे बोलायला लागलीय. दुखरा दात मी लगेच उपटतो, ताई. पण घट्ट बसलेला चांगला दात उपटायला हात धजत नाही.’’

गादीवाली नर्सबाईंबद्दल बोलली.  डॉक्टरांनी कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या रस्त्याने, एवढंच विचारून घेतलं. शेवटी मिस्त्रीने मला स्कूटरचा हॉर्न लावला. तो वाजायचा ‘पीं’. एवढ्या मोठ्या अंगातून ‘पीं’! कोंबड्या अंडी घालत होत्या तेव्हाही मी इतकी लाजले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी इंजिन सुरू करून बघायचं होतं. सगळे गोळा झाले. आत्याने पहिल्यांदा किल्ली फिरवली, मी नुसती खोकले. दुसऱ्यांदा एक ठिणगी पडली आणि विझली. गादीवालीने डोळे मिटून घेतले. मला बाईंचे शब्द आठवले, आधी थोडं गरम होऊ द्या. आत्यालाही कुठून सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, ‘‘थांबा, घाई करू नका. दमानं घेऊ.’’ तिसऱ्या किल्लीला मी अशी काही गर्जले, की तुफानने मिस्त्रीला उचलून घेतलं आणि मिस्त्रीने, जीव गुंतू नये म्हणून नुसती काच बघणाऱ्या मिस्त्रीने, चक्क डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शिकवणाऱ्या काकांनी मला चालवत आणलं आणि मी माझ्या जुन्या फाटकात उभी राहिले. बाई काठी टेकत बाहेर आल्या. वाकल्या होत्या, पण डोळे तेच. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. गादीवालीने घड्याळ त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी ते डोळ्यांजवळ धरलं. ‘‘बारा वीस,’’ त्या म्हणाल्या. मग हसल्या. ‘‘पण माझं घड्याळ मी नेहमी पाच मिनिटं पुढे ठेवायचे, ग पोरी. सव्वाबारा लिही.’’

गादीवालीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला चाळीस वर्षांनी जन्मवेळ मिळाली होती.

‘‘आई, चल, बस मागे,’’ मुलगा म्हणाला.

‘‘मागे? फाटकातून मी काढणार. नाक्यापर्यंत. काका, तुम्ही शेजारी बसा आणि गप्प बसा.’’

आणि काढलंही, मित्रांनो! त्या हातांना मी विसरले नव्हते, ते हातही मला विसरले नव्हते. गुडघा दुखला तसे त्यांनी ओठ चावले, पण गिअर असा पडला, की काका पुटपुटले, ‘‘पास!’’ फाटकातून मी कुठेही न घासता बाहेर आले. पाठीमागे मुलाची नवी गाडी, आत्याचा ट्रक आणि गादीवालीचा टेंपो. नाक्यावर बाईंनी जुन्या सवयीने हॉर्न दाबला.

पीं!

बाईंचा चेहरा उतरला. मला पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात पुढच्या वळणावरून आवाज आला.

भों-ओं!

साईच्या रंगाची गाडी वळणावर उभी होती. दातांचे डॉक्टर खिडकीतून हात हलवत होते. ते आमच्या पुढे लागले आणि सगळ्या जुन्या गल्लीभर माझा हॉर्न वाजवत निघाले. बाई ताठ बसल्या. ‘‘हा तर माझा हॉर्न!’’ त्या म्हणाल्या.

आणि दारं उघडू लागली. एक उघडलं, दोन उघडली, मग दोन्ही बाजूंची सगळीच. चष्मे शोधत म्हाताऱ्या बाहेर आल्या. त्यांच्या मागून त्यांच्या लेकी, लेक, जावई, सुना आल्या. बाईंच्या हातांत पहिला श्वास घेतलेली माणसं केस पांढरे करून दारात उभी होती. आम्ही नाक्याच्या पुढे केव्हा आलो, बाईंना कळलंच नाही, आणि सांगायची काकांची छाती नव्हती. एका घरातून एक अगदी थकलेल्या आजी हाताने भिंत धरत बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

‘‘बाई, पाणी ठेवू का?’’

बाईंनी मला थांबवलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

‘‘ठेव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चहाचं ठेव. सगळ्यांना पुरेल एवढं.’’

मुलाला त्या दिवशी पोहोचायला पाच तास उशीर झाला. पण तोही दोनदा चहा प्यायला.

आता मी गादीवालीच्या दारात असते. महिन्यातून एकदा आम्ही बाईंना भेटायला जातो, सकाळी थोडं गरम होऊन मगच निघतो. माझा हॉर्न डॉक्टरांच्या गाडीत आहे आणि तो तिथेच राहावा असं मला वाटतं. रस्त्यात भेटलो की तो वाजतो, मी ‘पीं’ करते. राखाडीची काच माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यामुळेच मला पुढचा रस्ता दिसतो. तिच्याशी मी तोऱ्यात वागले, त्याची आता लाज वाटते.

आत्या आजकाल खूण काचेवर करत नाही, छताच्या पत्र्यावर करते. आणि करण्याआधी तीनऐवजी चार चकरा मारते. मित्रांनो, तुमच्याही घरात, परसात, माळ्यावर कुणीतरी जुनं उभं असेल. त्याची धूळ झटका, त्याला दमाने सुरू करून बघा, त्याच्या फटीत एकदा हात घाला. आणि कुणावरही फुली मारायची झाली, तर आधी तेवढी एक चक्कर जास्त मारा.